पीएचपी किंवा अँड्रॉइडमधून डॉटनेट सर्व्हिसला ऑब्जेक्ट पाठवताय? या चुका टाळा

रिस्पॉन्स २०० ओके, डेटाबेसमध्ये ओळही पडली, पण शहर रिकामं आणि रक्कम शून्य. सोप सर्व्हिस (एक्सएमएल संदेशांतून दोन प्रोग्रामना बोलतं करणारी पद्धत) वापरताना हे हमखास होतं. डॉटनेट हा मायक्रोसॉफ्टचा प्लॅटफॉर्म. त्याच्या सर्व्हिसला स्ट्रिंग, इंटिजर सुटे पाठवले की सगळं चालतं; ऑब्जेक्ट पाठवला की माहिती वाटेत गळते आणि एररही येत नाही. अशा वेळी कोड उकरत बसू नका. आधी नेटवर्कवरून नेमकं काय गेलं ते पाहा: पीएचपीत सोपक्लायंट (सोप सर्व्हिसला कॉल करणारा क्लास) बनवताना ट्रेस ऑप्शन चालू करा आणि कॉलनंतर गेट-लास्ट-रिक्वेस्टने एक्सएमएल छापा. सोप-यूआय या चाचणीच्या टूलमध्ये तीच डब्ल्यूएसडीएल (सर्व्हिसच्या मेथड आणि फील्ड्सचं वर्णन करणारी फाइल) उघडून तयार होणारी नमुना रिक्वेस्ट शेजारी ठेवा. निम्मे घोळ तिथेच दिसतात.

ऑब्जेक्ट थेट पाठवणे. डॉक्युमेंट-लिटरल (डॉटनेटमध्ये नेहमी वापरल्या जाणाऱ्या एक्सएमएल मांडणीच्या) सर्व्हिसला पॅरामीटरच्या नावाचं वेष्टण लागतं. समजा सेव्ह-ऑर्डर नावाची मेथड आहे; तिला नुसता ऑर्डर ऑब्जेक्ट देऊ नका. 'ऑर्डर' ही की असलेल्या ॲरेत घालून द्या. नाहीतर सर्व्हरला नल, म्हणजे काहीच नाही, मिळतं. यादीचंही तेच: आयटम्सच्या आत ऑर्डर-आयटम ही की आणि तिच्यात ॲरे.

फील्डचा क्रम. डब्ल्यूसीएफ या डॉटनेटच्या सर्व्हिस फ्रेमवर्कचा डेटा-कॉन्ट्रॅक्ट-सीरिअलायझर (ऑब्जेक्टचं एक्सएमएल आणि एक्सएमएलचा ऑब्जेक्ट करणारा भाग) आधी बेस क्लासची फील्ड्स घेतो, मग बाकीची इंग्रजी वर्णक्रमाने. कोडमध्ये 'ऑर्डर' गुणधर्माने क्रम ठरवून दिलेली फील्ड्स सगळ्यात शेवटी. समजा अमाउंट, सिटी, नेम अशी तीन फील्ड्स आहेत आणि तुम्ही नेम आधी पाठवलं. तो नेम वाचतो, पुढे सरकतो आणि मागाहून आलेले अमाउंट, सिटी अनोळखी समजून चक्क सोडून देतो. डब्ल्यूएसडीएल दिलेला पीएचपी क्लायंट क्रम स्वतः लावतो. अडकतात ते हाताने एक्सएमएल जोडणारे आणि अँड्रॉइडवर के-सोप ही लायब्ररी वापरणारे.

त्यांच्याच वाट्याला नेमस्पेसचाही, म्हणजे टॅग कोणत्या गटातला हे सांगणाऱ्या पत्त्याचाही, फटका येतो. काही बदललं नसेल तर मेथडची नेमस्पेस टेम्पयूरीची (डॉटनेटने आपोआप दिलेली तात्पुरती) असते, पण ऑब्जेक्टच्या आतल्या फील्डची वेगळी: डेटाकॉन्ट्रॅक्ट डॉट ऑर्गवाली, २००४/०७ आणि सी-शार्प नेमस्पेसने संपणारी. सगळीकडे एकच चिकटवली की आतलं सगळं नल.

उलट दिशेने, म्हणजे डॉटनेट क्लायंटमधून जावा सर्व्हिसला पाठवताना, 'रक्कम भरली होती, पण गेलीच नाही' ही तक्रार ठरलेली. ऐच्छिक संख्या किंवा तारीख असेल तर एक्सएमएल-सीरिअलायझरच्या प्रॉक्सीत, म्हणजे आपोआप तयार झालेल्या क्लायंट कोडमध्ये, तिच्याजोडीला 'स्पेसिफाइड' शेपटीचं बूलियन असतं. ते ट्रू केल्याशिवाय टॅगच तयार होत नाही.

जन्मतारीख डेटटाइम म्हणून पाठवणे. भारतातून १५ ऑगस्ट, रात्री १२ वाजता, +०५:३० असं गेलं आणि सर्व्हर यूटीसीवर असला, तर तिथे १४ ऑगस्ट, संध्याकाळचे ६:३० होतात. वेळ टाकून दिली की माणूस एक दिवस आधी जन्मलेला! जिथे वेळेला अर्थच नाही तिथे नुसती तारीख पाठवा: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस.

रिकामी संख्या पाठवायची असेल तर रिकामा टॅग नको, टॅगवर निल ट्रू ('मूल्य नाही' अशी खूण) लावा किंवा टॅगच गाळा. डेटासेट आणि हॅशटेबल हे डेटाचे प्रकार तर सर्व्हिसच्या सीमेबाहेरच ठेवा. साध्या क्लासची ॲरे प्रत्येक प्लॅटफॉर्मला कळते.

आणि सर्व्हिसमध्ये फील्ड वाढवूनही पीएचपी ते पाठवत नसेल, तर कॅशे तपासा. डब्ल्यूएसडीएल मुळातच ८६४०० सेकंद, म्हणजे पूर्ण दिवस, साठवली जाते. डेव्हलपमेंटमध्ये कॅशे बंद ठेवा. प्रॉडक्शनवर नवी आवृत्ती चढवताना टेम्प फोल्डरमधल्या जुन्या डब्ल्यूएसडीएल फाइल उडवा.