ग्राहक शेतकरी, पण डिझाईन डीपीचं

शेतीपंपांची उपकरणं बनवणाऱ्या टीममध्ये मी डिझायनर आहे. या क्षेत्रात नव्याने येणारी मुलं बहुतेक एकाच प्रश्नापासून सुरुवात करतात: वापरणाऱ्याची अडचण काय? प्रश्न बरोबरच आहे. पण सामाजिक प्रश्नावर काम करताना तिथेच थांबलात, तर चांगली वस्तूही गावाला महागात पडू शकते. ऑटो स्टार्टरचंच बघा.

शेतीची थ्री फेज लाईट पाळीपाळीने येते, काही दिवस रात्रीची. रात्री दोन वाजता पाणी धरायला जायचं म्हणजे सापविंचवाची भीती, जुन्नरकडे बिबट्याचीही. त्यात लाईट कधी जाईल, कधी येईल याचा नेम नाही. म्हणून शेतकरी ‘ऑटो’ बसवतो. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. एका शेतकऱ्यापुरतं पाहिलं तर यात नाव ठेवायला जागाच नाही.

आता एकाच डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरून वीज घेणाऱ्या सगळ्यांकडे ऑटो आहे असं धरा. 100 केव्हीएच्या डीपीवर 5 एचपीच्या साधारण वीस मोटरी चालू शकतात. पण मोटर उठताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. लाईट येताच वीसही मोटरी एकदम उठायला बघतात, व्होल्टेज कोसळतं, मोटरी वेग घेत नाहीत आणि जादा करंट ओढतच राहतात. फ्यूजच्या जागी कुणी जाड तार घातली असेल तर डीपीच जळते. नवी येईपर्यंत सगळ्यांची उभी पिकं सुकतात. लाईट अशी बेभरवशाची झाली, की ज्यांच्याकडे ऑटो नव्हता तेही तो घेतात. उपायच दुखणं वाढवतो, आणि वाढलेलं दुखणं उपायाचा खप वाढवतं. विक्रीचे आकडे तेवढे पाहिले तर हे उत्पादन यशस्वीच वाटेल!

उपाय तांत्रिकदृष्ट्या सोपा आहे: प्रत्येक स्टार्टरला वेगवेगळा टायमर, म्हणजे मोटरी एकामागून एक उठतील. पण एकट्याने टायमर लावला तर शेजाऱ्याची मोटर आधी सुरू होणार. विहीर सामाईक असेल तर पाणीही तोच आधी ओढणार. तेव्हा कुणी एकट्याने तो का घ्यावा? म्हणून माझं ठाम मत आहे, की असा स्टार्टर एकेका शेतकऱ्याला विकायचाच नाही, अख्ख्या डीपीला द्यायचा. उठण्याचा क्रमही शेतकऱ्यांनी बसून ठरवायचा. लाईनच्या टोकाला व्होल्टेज सगळ्यात कमी मिळतं, तिथल्या मोटरींना पहिली पाळी मिळायला हवी. हे सर्किटपेक्षा अवघड डिझाईन आहे आणि शिकण्यासारखं तेच आहे.

डीपी वाचली तरी प्रश्न जमिनीखाली उरतोच. राज्यात 2024 पासून 7.5 एचपीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. बिलाचाच धाक नसेल तर मोटर बंद कशासाठी करायची? सौरपंपाचंही तसंच: दिवसा पाणी मिळतं, रात्रीचा जीवघेणा फेरा चुकतो, हे फार मोठं सुख आहे, पण ऊन फुकट, म्हणून उपसाही फुकट. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात 2016 मध्ये शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने वेगळी वाट धरली. सौरपंपाची उरलेली वीज ते ग्रिडला विकू लागले. तिथे पॅनेल आणि पंप नेहमीचेच. बदलला तो हिशोब. गरज नसताना मोटर चालवली की विजेचं उत्पन्न बुडतं.

नव्या कामावर गेलात की शेतकऱ्याच्या मुलाखती घ्याच, पण एक दिवस वायरमनबरोबर फिरा. कुठली डीपी वारंवार जळते आणि का, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. मग कागदावर बाण काढा: कुणाचा फायदा, त्याचा भार कुणावर, आणि तो भार फिरून पुन्हा कुठे येतो. बाण फिरून तुमच्याच उत्पादनाकडे आला, तर प्रोटोटाईप बाजूला ठेवून आधी तो सोडवा. हे रीतसर शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईतलं ‘सितारा’ केंद्र बघा. ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानावर तिथे 1985 पासून काम चालू आहे. पोर्टफोलिओत चकचकीत स्क्रीनपेक्षा बाणांचा तो कागद आधी लावा. उमेदवार घेताना मी पहिल्यांदा तोच मागतो.