सिमेंटमधला कार्बन कमी करायचाय? आधी दगडाचा हिशोब करा

सिमेंट प्लांटच्या एनर्जी नाहीतर एन्व्हायर्नमेंट सेलला नवीन लागलेल्यांसाठी लिहितोय, किल्न-प्रीहीटर तुम्हाला माहीत आहे असं धरून.

नवीन माणसाचं लक्ष आधी कोळशाकडेच जातं. सोलर लावू, वेस्ट हीट रिकव्हरी लावू, आरडीएफ (कचऱ्यापासून केलेलं इंधन) जाळू. करा की, पण क्लिंकर, म्हणजे किल्नमधून भाजून निघणारा माल, त्याच्या सीओटूपैकी साधारण 60 टक्के इंधनाचा नसतोच, तो चुनखडीतून निघतो. 100 किलो कॅल्शियम कार्बोनेट भाजलं की 44 किलो सीओटू चिमणीतून जाणारच, उद्या किल्न हायड्रोजनवर चालवली तरी. मी पण सुरुवातीला नुसत्या कोळशाच्या एक्सेल शीट रंगवत बसायचो. लॅबचा एक्सआरएफ रिपोर्ट (एक्स-रेने केलेलं रासायनिक विश्लेषण) उघडा, क्लिंकरमधलं कॅल्शियम ऑक्साइड 65 टक्क्यांच्या आसपास दिसेल, त्याला 0.785 ने गुणा, आले ना क्लिंकरच्या टनामागे 0.51 टन सीओटू? रॉ मिक्समध्ये स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) असेल तर त्यातून आलेला चुना वजा करा, कारण त्यातला सीओटू आधीच उडालेला असतो. बाकी बर्नरवर कितीही डोकं लावा, हा आकडा हलत नाही.

म्हणजे हात घालायचा तो क्लिंकर फॅक्टरला, म्हणजे सिमेंटमध्ये क्लिंकर किती टक्के त्याला. पीपीसीत (पोझोलाना सिमेंट) फ्लाय अ‍ॅश, म्हणजे थर्मलची राख, 35 टक्क्यांपर्यंत चालते, स्लॅग सिमेंटमध्ये स्लॅग 70 पर्यंत. चंद्रपूरकडे तर थर्मल आणि सिमेंट एकाच जिल्ह्यात, राख शेजारीच. एलसी3 (चुनखडी आणि भाजलेल्या क्लेचं सिमेंट) मध्ये क्लिंकर निम्माच, बाकी 30 टक्के भाजलेली क्ले, 15 चुनखडी, 5 जिप्सम, आणि क्लेला 700-850 डिग्री पुरतात, क्लिंकरसारखे 1450 लागत नाहीत. बीआयएसचं स्टँडर्डही 2023 मध्ये आलंय, त्यामुळे 'आपल्याकडे चालत नाही' हे ऐकून घेऊ नका.

कुणी 'पर टन' म्हणालं की लगेच विचारा, टन क्लिंकरचा की सिमेंटचा? क्लिंकरच्या टनामागे सीओटू 0.85 टन धरला आणि पीपीसीत क्लिंकर 65 टक्के, तर सिमेंटच्या टनामागे 0.55 च दिसतो, आणि किल्नमध्ये काडीचा बदल झालेला नसतो. मीटिंगमध्ये याचं श्रेय भलताच कुणीतरी घेऊन जातो.

कन्सल्टंटच्या पीपीटीपेक्षा सीसीआरमधल्या (सेंट्रल कंट्रोल रूम) जुन्या ऑपरेटरजवळ नाइट शिफ्टला बसा, हे माझं ठाम मत. आरडीएफमध्ये पीव्हीसी आलं की क्लोरीन वाढतो, रायझरला कोटिंग धरतं, सायक्लोन जाम होतो, हे तो ड्राफ्ट (गॅसची ओढ) बघूनच सांगतो. आणि जाम काढताना जवळ जाऊ नका, गरम मटेरियल एकदम खाली येतं, माणसं भाजतात. तिथे हिरोगिरी नकोच.

बाकी घाबरू नका, गणित सातवीचंच आहे. क्वालिटीवाले 3 दिवसांची स्ट्रेंथ दाखवून नाही म्हणतील, तेही चूक नाहीत, फ्लाय अ‍ॅश सुरुवातीला सुस्तच असते. भांडायला जाताना 28 आणि 90 दिवसांच्या क्यूबचे रिझल्ट सोबत न्या.