दुर्मीळ पक्षी दिसला? ग्रुपवर टाकण्याआधी या चुका टाळा

दुर्मीळ पक्षी दिसला की हात थरथरतात. फोटो हलतो, आणि तो हललेला फोटो मिनिटभरात ग्रुपवर जातो, खाली लोकेशनची पिन. यात कुणाचाच हेतू वाईट नसतो. पण निस्तरता न येणारी चूक बहुतेक वेळा याच एका मिनिटात होते. पोस्ट काढून टाकता येते, पुढे गेलेली पिन परत बोलावता येत नाही.

घरट्याची पिन

ही चूक मी स्वतः केली आहे. घरटं जमिनीपासून जेमतेम हातभर उंच होतं आणि मी पिन पाठवली होती ती फक्त तीन खात्रीच्या माणसांना. तिसऱ्या दिवशी परत गेलो तर घरट्यावर झुकलेली पानांची फांदी सुतळीने बाजूला बांधलेली. फ्रेम स्वच्छ यावी म्हणून! पिल्लांवर थेट ऊन येत होतं, चार जण ट्रायपॉड लावून उभे होते, आणि चोचीत अळी धरलेली मादी समोरच्या झुडपातून पुढे यायला तयार नव्हती. फांदी सोडली. दोन दिवसांनी घरटं रिकामं. उन्हाने की कावळ्याने, ते कळलं नाही. सुतळी कुणी बांधली हे विचारण्यातही अर्थ नव्हता, पिन माझ्याकडूनच गेली होती.

तेव्हापासून घरटं, ढोली आणि घुबडाची दिवसा बसायची जागा मी कुणालाच कळवत नाही. ‘जवळच्या’ माणसांनाही नाही, कारण त्यांचीही जवळची माणसं असतात. पिल्लं उडून गेल्यावर नोंद टाकली तरी तिचं मोल कमी होत नाही.

याचा अर्थ सगळंच दडवून ठेवायचं असा नाही. वाट चुकून आलेला, मोकळ्या पाणथळीवर लांबून दिसणारा पक्षी कळवायलाच हवा. २०२० मध्ये अलास्कात एक स्टेलर्स सी ईगल, म्हणजे एरवी रशिया-जपानकडे राहणारा मोठा समुद्री गरुड दिसला. २०२१ मध्ये टेक्सास, मग पूर्व कॅनडा आणि डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधून तसेच फोटो आले. पंखांवरच्या पांढऱ्या खुणा जुळवून बघितल्यावर लक्षात आलं की हा एकच गरुड इतकं अंतर कापतो आहे. लोकांनी फोटो आणि ठिकाणं उघड केली नसती तर हे कधीच कळलं नसतं.

मात्र पक्षी कुणाच्या खासगी जमिनीवर असेल तर आधी मालकाला विचारा. उद्या पहाटे त्याच्या बांधावर दुर्बिणी घेऊन उभे राहणारे लोक तुमच्या पोस्टवरूनच आलेले असतील.

पिन टाकली नाही, तरी ठिकाण फुटलं

फोनच्या फोटोत जीपीएसची माहिती दडलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून ती निघून जाते, पण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला की जशीच्या तशी पोचते. कॅमेऱ्यात जीपीएस नाही म्हणून निर्धास्त असलेले लोक कॅमेऱ्याच्या स्क्रीनचा फोनने फोटो काढतात आणि फोनमधली ती मूळ फाइल शेअर करतात, तेव्हा गंमतच होते: फोनचं जीपीएस त्यातच असतं. मागचा टॉवर किंवा वेगळ्या आकाराचा डोंगरही चुगली करतो.

निसर्गनोंदी टाकायची आयनॅचरलिस्ट ही साइट संकटग्रस्त प्रजातींचं ठिकाण आपोआप धूसर करते, पक्षीनोंदींची ई-बर्ड ही साइटही संवेदनशील यादीतले पक्षी झाकते. यादीत नसलेल्या पक्ष्यासाठी ई-बर्डवर आख्खी चेकलिस्ट (त्या फेरीत दिसलेल्या पक्ष्यांची यादी) लपवता येते. पण तिकडे लपवून इकडे इन्स्टावर जागेचं नाव टॅग केलं तर सगळं मुसळ केरात.

लपवायचं म्हणून खोटं ठिकाण देणं

काही जण गर्दी टाळायला मुद्दाम वीस किलोमीटर लांबची पिन टाकतात. ही युक्ती मला सगळ्यात घातक वाटते. रानपिंगळ्याचं, म्हणजे नामशेष झाला असं वाटलेल्या एका छोट्या घुबडाचं उदाहरण बघा. ब्रिटिश लष्करी अधिकारी रिचर्ड माइनर्ट्झहागेनने संग्रहालयातला जुना नमुना चोरला आणि त्यावर गुजरातमधल्या मांडवीचं, ‘मांडवी, १९१४’ असं बनावट लेबल लावलं. त्या लेबलावर विसंबून शोध भलतीकडेच होत राहिले. अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी ओळखली, जुन्या अस्सल नोंदींच्या ठिकाणी शोध घेतला आणि १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा सापडला. त्याआधीचा शेवटचा खरा नमुना १८८४ चा होता. म्हणून ठिकाण सांगायचं नसेल तर ‘सांगणार नाही’ एवढंच लिहा.

ओळखीबद्दल थोडक्यात. धूसर फोटो चालतो, पण सॉफ्टवेअरने पिसं ‘रंगवलेला’ फोटो पुरावा राहत नाही. नाव चुकलं तर पोस्ट गुपचूप उडवू नका, तिथेच दुरुस्ती लिहा. ई-बर्डच्या रिव्ह्यूअरने, म्हणजे नोंदी तपासणाऱ्याने तपशील विचारला की अंगावर घेऊ नका, ते त्याचं कामच आहे.

बघायला जाणाऱ्यांसाठीही एक-दोन गोष्टी. फोटोखाली ‘लोकेशन प्लीज’ची रांग लावू नका. वैयक्तिक मेसेज करा, आणि नकार आला तर पुन्हा विचारू नका. तिथे गेल्यावर प्लेबॅक, म्हणजे त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावून पक्ष्याला बाहेर काढू नका, आधीच्या दहा जणांनीही तेच केलेलं असू शकतं. आणि पक्षी मिळाला नाही तर तेही ग्रुपवर टाका: ‘सकाळी ७ ते ९ थांबलो, दिसला नाही.’ हा मेसेज सहसा कुणी टाकत नाही, आणि दुपारी निघणाऱ्याला नेमका तोच हवा असतो.