रंगीत प्रकाशाने चक्रसाधना

झिरोचा बल्ब मंद पडतो. टेबल लॅम्पला 9 वॅटचा पांढरा एलईडी लावा. स्टेशनरीच्या दुकानातून सात रंगांचे जिलेटीन पेपर आणा. पेपर बल्बला चिकटवू नका, चार बोटं अंतर ठेवा. जुन्या पिवळ्या बल्बवर तो आक्रसतो, जळकट वास येतो. निळा पेपर एकेरी लावला तर प्रकाश फिकट पडतो, दुहेरी घ्या.

चक्रं म्हणजे योगात मानलेली शरीरातली सात ऊर्जाकेंद्रं. मूलाधाराला (कण्याचा तळ) लाल, स्वाधिष्ठानाला (ओटीपोट) नारिंगी, मणिपूरला (नाभी) पिवळा, अनाहताला (छातीचा मध्य) हिरवा, विशुद्धाला (घसा) निळा, आज्ञेला (भुवयांमधली जागा) गर्द निळा, सहस्राराला (टाळू) जांभळा. ही इंद्रधनुष्यी मांडणी विसाव्या शतकातली; जुन्या तंत्रग्रंथांत रंग वेगळे आहेत.

सोलापुरी चादर अंथरून उताणे झोपा. दिवा तीन फुटांवर, झोत त्या चक्राच्या जागेवर. दहा मिनिटं संथ श्वास. आज्ञा-सहस्रारासाठी डोळे मिटून वर घडी केलेला रुमाल ठेवाच. निळा रंग रात्री नको, झोप उशिरा लागते. मे महिन्यात दुपारी खोली तापते, पहाटेच बसा.

मन शांत होतं, पण याने आजार बरा होतो असा वैद्यकीय पुरावा नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या कृपा करून बंद करू नका. फिट येत असेल तर लुकलुकणारे दिवे पूर्ण टाळा.