खेळाच्या तासात या चुका टाळा: बेळगाव-खानापूरच्या शाळांमधल्या एका वर्षाची वही

ऑगस्टमधल्या एका उघडिपीच्या दुपारी मी एका मराठी शाळेच्या मैदानाकडेला स्टॉपवॉच घेऊन बसलो होतो. तास पाचवीचा, 40 मिनिटांचा. त्यातला एकच मुलगा नजरेत धरला आणि तो प्रत्यक्ष हलेल तेवढाच वेळ घड्याळ चालू ठेवायचं ठरवलं. वर्गातून मैदानावर यायला, रांगा करायला, हजेरीला आणि संघ पाडायला निम्मा तास गेला. मग खो-खो. तो मध्यपाटीवर बसला, त्याला दोनदा खो मिळाला, मग पळतीची पाळी यायच्या आतच घंटा झाली. घड्याळात सहा मिनिटं आणि काही सेकंद भरले. "दमलास काय?" विचारलं तर म्हणाला, "कुठलं दमतंय सर, मी नुसता बसलोय की!"

यंदा वर्षभर बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या आठ मराठी प्राथमिक शाळांत मी जात होतो. बहुतेक ठिकाणी वेगळे पीटी मास्तर नाहीत. गणित-मराठी शिकवणाऱ्या बाईच हा तास घेतात. त्यांच्या सोबत उभं राहून मुलांची हालचाल वाढवायची, एवढंच माझं काम. एप्रिलच्या सुट्टीआधी वही चाळली तर गावं वेगवेगळी असूनही चुका त्याच त्या निघाल्या. जूनपासून कुणाच्या तरी उपयोगी पडाव्यात म्हणून इथं मांडतो. त्यातल्या काही माझ्या स्वतःच्याच आहेत.

तास मोजतो, मिनिटं मोजत नाही

वेळापत्रकात आठवड्याला खेळाचे इतके तास झाले, असं आपण लिहितो आणि समाधान मानतो. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस तासांची नाही, मिनिटांची आहे: 5 ते 17 वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल हवी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस धाप लागेल असा व हाडं-स्नायू मजबूत करणारा व्यायाम हवा. मध्यम की जोरकस हे ओळखायला यंत्र लागत नाही. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, ती मध्यम. दोन-चार शब्दांतच दम लागतोय, ती जोरकस.

खो-खो आपल्या मातीतला खेळ, पण 40 मुलांचा वर्ग असेल तर नियमाप्रमाणे खेळू नका. हिशेब करून बघा. आक्रमणाचे नऊ, त्यातले आठ बसलेले आणि एक पळणारा. संरक्षणाचे तिघंच मैदानात. म्हणजे एका वेळी चौघं पळतात, बाकीचे बघतात. स्पर्धेसाठी हे बरोबर आहे, तासासाठी नाही. मैदानाचे तीन भाग करा आणि प्रत्येक भागात चार चौकोनांचा छोटा खो-खो लावा. खांब नसले तर दोन पोरं खांब म्हणून उभी करा आणि दर दोन मिनिटांनी बदला. फक्की नसली तर काठीनं रेघा ओढा. त्याच पाचवीत हे केलं तेव्हा तोच मुलगा घामानं निथळत वर्गात गेला.

'बाद झालास, बस' हीही याच घरातली चूक. बाद कोण आधी होतं? जे मूल हळू पळतं तेच. ज्याला पळण्याची सगळ्यात जास्त गरज, तेच सगळ्यात आधी झाडाखाली जातं. त्यावर उपाय अगदी सोपा. बाद झालेल्यानं कडेला दहा उड्या मारायच्या आणि परत आत यायचं.

साहित्य कमी आहे ही तक्रार खरी आहे, पण त्यासाठी थांबू नका. चिंध्यांचे चेंडू पोरं एका दुपारी बांधतात. लगोरीला खानापूरच्या कौलांचे तुकडे पुरतात, फक्त कडा दगडावर घासून बोथट करून घ्या. लगोरीची आणखी एक गोष्ट मला आवडते. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी मराठी आणि कन्नड शाळा एकाच आवारात असतात, आणि लगोरीला दोन्ही भाषांत लगोरीच म्हणतात. विटीदांडू म्हणालात तर पलीकडची पोरं 'चिन्नी-दांडू' म्हणून लगेच ओळखतात. एका शाळेत दोन्हीकडच्या बाईंनी ठरवून शुक्रवारचा तास एकत्र केला आणि दोन कमी पडणारी मैदानं एक पुरेसं मैदान झाली. अशा तासाला सूचना लांबलचक देऊ नका. एकदा करून दाखवा, शिट्टी वाजवा.

बारा जणांचा संघ आणि बाकीचे प्रेक्षक

केंद्र पातळी, तालुका पातळीच्या स्पर्धा जवळ आल्या की खेळाचा तास संघाचा होतो. संघातले दहा-बारा सराव करतात, उरलेली पोरं टाळ्या वाजवतात. संघ हरला की मैदान ओस पडतं, ते थेट जानेवारीपर्यंत. चषक यावा असं मलाही वाटतं, त्याचा गावाला अभिमान असतो. पण संघाचा सराव शाळा भरण्याआधी किंवा सुटल्यावर घ्या. तास सगळ्यांचा आहे, त्याला हात लावू नका. संघातल्या पोरांनाच त्या तासात छोट्या गटांचे प्रमुख करा. दुसऱ्याला शिकवताना त्यांचाही खेळ सुधारतो, हे मी दोन शाळांत पाहिलं.

शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणंही बंद करा. गृहपाठ केला नाही म्हणून पळवलेलं पोर पळण्याचा संबंध आयुष्यभर अपमानाशी जोडतं.

पावसात तास रद्द

खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको. जून ते सप्टेंबर मैदानात पाय घोट्यापर्यंत रुततो. त्यामुळे तास रद्द होतो आणि त्यात गणित जातं. चार महिने गेले म्हणजे शाळेच्या वर्षाचा निम्म्याला टेकणारा भाग गेला. यंदा मला सगळ्यात मोठं नुकसान इथंच दिसलं. त्यावरचा उपायही मी एका बाईंकडूनच शिकलो.

त्यांच्या शाळेला लांब व्हरांडा आहे. गौरी-गणपतीच्या आधी त्यांनी पोरींना विचारलं, घरी काय खेळता? झिम्मा, फुगडी, पिंगा, कोंबडा अशी यादी फळ्यावर लिहिली आणि महिनाभर रोज एक खेळ सगळ्या वर्गाला लावला. पोरगेही आले. एका मिनिटाची फुगडी घालून बघा, कुणालाही गाता येत नाही. म्हणजे ती किमान मध्यम हालचाल झालीच! लेझीम शाळेत असतेच. ती 26 जानेवारीपुरती कपाटात ठेवू नका. दोरीवरच्या उड्या, जागेवर सूर्यनमस्कार, बाकांमधून वळणावळणाची शर्यत हे सगळं आडोशाला चालतं.

एक खबरदारी मात्र कटाक्षानं घ्या. व्हरांड्याची फरशी ओली असेल तर आधी पुसून घ्या आणि घसरत नाही ना ते स्वतः चालून बघा. पळापळीचा खेळ तिथं नकोच.

'आळशी' म्हणून शिक्का

वहीतलं हे पान मला परत परत वाचावं लागलं. नोव्हेंबरात एका शाळेत सातवीतली एक मुलगी दर तासाला चिंचेखाली बसायची. बाई म्हणाल्या, "ही आळशी आहे, सर." मीही दोन आठवडे तेच मानलं. मग एकदा तिच्या शेजारी जाऊन बसलो. सुगीचे दिवस. घरचे भात कापायला गेले की पाणी भरणं, भाकऱ्या आणि धाकट्या भावाला तयार करणं तिच्याकडे. पहाटे पाचला उठलेली. सकाळी काय खाल्लंस, विचारलं. चहा. नुसता चहा. तिच्या डोळ्यांखालची पापणी खाली ओढून बघितली, आतली कडा लाल दिसायला हवी ती पांढुरकी होती. नंतर आरोग्य केंद्रात तपासणी झाली, रक्त कमी निघालं.

तेव्हापासून कुठलंही मूल बसून राहिलं की मी आधी चार गोष्टी विचारतो. काय खाल्लं, किती वाजता उठलं, शाळेला किती चालून आलं आणि धाप लागते का. खानापूरच्या जंगलाकडच्या वाड्यांमधून पोरं दोन-तीन किलोमीटर तुडवून येतात. त्यांची निम्मी हालचाल शाळेची घंटा व्हायच्या आधीच झालेली असते. त्यांना पुन्हा मैदानाच्या फेऱ्या कशाला? त्यांच्यासाठी तोल, चेंडू झेलणं-फेकणं, उड्या असं वेगळं काही हवं.

शाळेत आठवड्याला मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या, लहानांना गुलाबी आणि दहा वर्षांपुढच्यांना निळ्या, या खरंच पोटात जातात की दप्तरात, हे खेळाच्या शिक्षकानंही बघावं. गोळी रिकाम्या पोटी दिली तर मळमळतं आणि पोर पुढच्या वेळी ती लपवतं, म्हणून दुपारच्या जेवणानंतरच द्या. 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टच्या जंतनाशक गोळीच्या दिवशी कोण गैरहजर होतं ते टिपून ठेवा आणि राहिलेल्यांना नंतरच्या फेरीत द्यायला लावा. जेवणानंतर लगेच पळापळीचा तास असेल तर मुख्याध्यापकांशी बोलून तो हलवा. आठपैकी तीन शाळांत हा बदल एका दिवसात झाला.

सातवीपासून मुली कडेला का जातात

"खेळत का नाहीस?" हा प्रश्न सगळ्यांदेखत कधीही विचारू नका. कारण पाळीचं असेल, युनिफॉर्मच्या स्कर्टचं असेल, नाहीतर मैदानाच्या कंपाउंडवर बसणाऱ्या थोरल्या पोरांचं असेल. एका शाळेत बाईंनी आणि मुलींनी मिळून खूण ठरवली. ज्या दिवशी खेळायचं नाही त्या दिवशी मुलगी येऊन नुसती शिट्टी मागते आणि वेळ नोंदवायचं काम करते. कुणी काही विचारत नाही. पाळीत खेळू नये असं काही नाही, बरं वाटत असेल तर खुशाल खेळावं, पण ते तिनं ठरवावं. स्कर्टखाली ट्रॅक पँट घालायची परवानगी एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या, बैठकीत मागा. आम्ही मागितली, कुणीच विरोध केला नाही. कंपाउंडवरच्या पोरांचा बंदोबस्तही त्याच बैठकीत झाला.

पाय मुरगळला की मालीश

नको. ताज्या सुजेवर चोळलं की सूज वाढते. ओल्या थंड फडक्यानं शेका, क्रेप बँडेज बांधा, पाय उशीवर उंच ठेवा. पायावर भार देता येत नसेल किंवा हाडावर बोट टेकताच कळ येत असेल तर हाड बसवणाऱ्याकडे न जाता एक्स-रे काढा.

वर्षअखेरीची मोजणी चुकते कुठं

50 मीटर धावणं आणि 600 मीटर धावणं-चालणं या चाचण्या आपण घेतो. जूनच्या चिखलातला आकडा आणि मार्चच्या उन्हातला आकडा शेजारी ठेवला तर त्याचा काही अर्थ लागत नाही. पहिली मोजणी पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात घ्या, दुसरी फेब्रुवारीत, दोन्ही सकाळी. अंतर पावलांनी नको, टेपनं मोजा आणि दोन्ही वेळा तीच रेघ वापरा. वजन मोठ्यानं वाचू नका, आकडा फक्त त्या मुलाला दाखवा. यादीत पहिला-दुसरा लावू नका, ऑक्टोबरातला तो आणि फेब्रुवारीतला तो एवढंच समोर ठेवा. आणि व्हॉट्सअॅपवर टाकलेल्या फोटोंना नोंद समजू नका.

माझी चूक

पहिले तीन महिने मी शाळेत गेलो की शिट्टी माझ्या गळ्यात असायची. तास मी घ्यायचो, पोरं खूश, बाई कडेला वह्या तपासत. मी गेलो की पुढच्या भेटीपर्यंत काहीच नाही. सप्टेंबरात एका बाईंनी सरळ सांगितलं, "सर, तुम्ही असता तेव्हा छान होतंय. आम्हाला साडीत पळता येत नाही." तेव्हा कळलं की मी पोरांना शिकवत होतो, माझं काम बाईंसोबत होतं. त्यांना म्हटलं, "बाई, तुम्ही पळायचंच नाही. पळवायचं. रेघ तुमची, शिट्टी तुमची."

त्यानंतर क्रम ठरवून घेतला. पहिल्या भेटीत मी घेतो, त्या बघतात. दुसऱ्या भेटीत दोघं मिळून. तिसऱ्या भेटीपासून त्या घेतात आणि मी स्टॉपवॉच घेऊन एका मुलाकडे बघतो. तासानंतर दोनच गोष्टी बोलायच्या. काय जमलं ते आधी, आणि पुढच्या वेळी बदलायची एकच गोष्ट. पाच सूचना दिल्या की एकही टिकत नाही. मार्चच्या शेवटच्या भेटीत त्याच बाईंच्या तासाला मी घड्याळ लावलं. 22 मिनिटं आली. त्यांनी आकडा वहीत स्वतःच्या हातानं लिहिला.

सुट्टीआधी एक काम उरकून घ्या. खेळाच्या कपाटाची किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहिली तर जूनमध्ये चेंडू कपाटातच राहतात. आम्ही ती आता सातवीच्या वर्गात खिळ्याला लावलीय, शेजारी दोरीनं बांधलेली वही. कोण काय नेतं ते पोरंच लिहितात. परवा मोजलं, सहा दोऱ्या नेल्या होत्या, सहाही परत आल्या.