नफा दिसतोय, पैसे कुठं आहेत?

2017 साली मी पहिला स्मॉलकॅप, म्हणजे छोट्या कंपनीचा शेअर घेतला, तेव्हा बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत हिशेब लिहायचो. पी/ई, म्हणजे भाव वर्षाच्या नफ्याच्या किती पट, तो सहा; विक्री चढती, नफा चढता. एवढं स्वस्त कुणालाच कसं दिसलं नाही, या खुशीत चाळीस हजार घातले. पुढच्या वर्षी छोटे शेअर पडायला लागले आणि माझा रोज लोअर सर्किटला, म्हणजे एका दिवसात पडू शकतो त्या खालच्या मर्यादेला. सकाळी विकायला लावायचा, संध्याकाळी ऑर्डर तशीच परत. घेणाऱ्यांच्या रकान्यात शून्य.

फौंड्रीच्या मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "नफा दिसूलालाय म्हणतोस, पण पैसे कुठं हाईत ते बघितलास काय?"

हे तर आमचं रोजचंच रडगाणं. कास्टिंग गाडीत चढलं, बिल फाडलं, की वहीत नफा धरायचा. पैसे तीन-चार महिन्यांनी. तोवर भंगार, पिग आयर्न, वीजबिल, कामगारांचा पगार कुणी थांबवून धरत नाही.

त्या रात्री कंपनीचा वार्षिक अहवाल पहिल्यांदा उघडला. तीन वर्षं नफा वाढलेला, आणि धंद्यातून आलेली रोकड तिन्ही वर्षं उणे. येणेबाकी वर्षाच्या विक्रीच्या निम्मी, म्हणजे सहा महिन्यांची उधारी. प्रवर्तकांचे, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मालकांचे, बरेचसे शेअर कर्जासाठी तारण. लपवलेलं काहीच नव्हतं. दुसऱ्याच्या उधारीच्या वह्या दिवसभर लिहिणाऱ्या माणसानं हे पान उलटलं नव्हतं!

नव्यानं येणारे दहा रुपयांच्या शेअरला स्मॉलकॅप म्हणतात. भावाचा त्याच्याशी संबंध नाही. शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं 2017 मध्ये म्युच्युअल फंडांसाठी ठरवलेल्या व्याख्येप्रमाणे बाजारमूल्यात, म्हणजे सगळ्या शेअरांच्या मिळून किमतीत, 251व्या क्रमांकापासून खालच्या त्या स्मॉलकॅप. मी आता पाच वर्षांच्या नफ्याची बेरीज आणि पाच वर्षांच्या रोकडीची बेरीज शेजारी-शेजारी लिहितो. एका वर्षाचा आकडा फसवतो. कारखाना वाढत असला तर रोकड एखाद्या वर्षी अडकतेच. पाच वर्षांतही मेळ बसत नसेल तर पुढचं वाचत नाही. तारणाचा आकडा दर तिमाहीच्या शेअरहोल्डिंगमध्ये, म्हणजे कुणाकडं किती शेअर त्या तक्त्यात, मिळतो. रोजची उलाढालही बघा, नाहीतर विकायची वेळ आली की माझ्यासारखी गत.

कमी पी/ईचं आणखी एक. चिकोडी-अथणीकडं ऊस लावणाऱ्याला हे सांगावं लागत नाही: साखरेचा भाव चढला की कारखान्याचा नफा फुगतो आणि पी/ई सगळ्यात कमी तेव्हाच दिसतो. भाव उतरला की तोच शेअर महाग निघतो. अशा धंद्यात एका हंगामाचा नफा धरून स्वस्त म्हणू नका.

माझ्या चाळीस हजारांचे शेवटी अकरा हजार आले. मालकांचा मात्र फायदा झाला. शेअरबाजारातली एखादी कंपनी मोठी ऑर्डर घेऊन आली, की उधारी द्यायच्या आधी तिचा अहवाल माझ्या टेबलावर येतो.