चेक इंजिनचा दिवा पुसून पीयूसीला जाऊ नका: जुन्या गाडीच्या या चुका टाळा

माझी २०१५ ची पेट्रोल गाडी जळगावात एका जानेवारीत पीयूसीला नापास झाली. आदल्या संध्याकाळी चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला होता. गॅरेजातल्या पोराने स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड पुसला आणि म्हणाला, "आते काही टेन्शन नही, भाऊ." सकाळी केंद्रावर सायलेन्सरच्या नळीत प्रोब गेला, तर कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या दुपटीपेक्षा जास्त. बीएस-४ (धुराचा सरकारी निकष) आणि त्यापुढच्या पेट्रोल गाडीला आयडलवर, म्हणजे गाडी उभी असताना नुसतं इंजिन चालू ठेवून, हा आकडा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतो. दिवा विझला होता, पण बिघाड जागच्या जागी होता.

कोड पुसला की आणखी एक गोष्ट पुसली जाते, आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, चालता चालता स्वतःच्या चाचण्या घेत असतो: धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काम करतोय का, धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल वेळेवर बदलतोय का, त्याचा हीटर तापतोय का, थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडतोय का. यांना मॉनिटर म्हणतात. चाचणी पूर्ण झाली की स्कॅनरवर 'रेडी' दिसतं. कोड पुसला किंवा बॅटरीची तार काढली की यातले बहुतेक मॉनिटर पुन्हा 'अपूर्ण' होतात. अमेरिकेत अनेक राज्यांत एवढ्यावरच गाडी परत पाठवतात. तिथे २००१ आणि त्यापुढच्या पेट्रोल गाडीचा साधारण एकच मॉनिटर अपूर्ण चालतो. आपल्याकडे पीयूसीला धूरच मोजतात, स्कॅनर लावत नाहीत. तरीही केंद्रावर जाण्याआधी मॉनिटर पूर्ण करून घ्या असं मी कळकळीने सांगतो, कारण दुरुस्ती खरंच झाली की नाही हे गाडी स्वतः तिथेच सांगते.

थर्मोस्टॅट काढून टाकणं

खानदेशात ही चूक घरोघरी आहे. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, गाडी तापते, आणि मिस्त्री थर्मोस्टॅटच काढून टाकतो. माझ्या गाडीचंही हेच झालं होतं. आधीच्या मालकाने काढून घेतला होता. इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही झडप नसली की पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं. जानेवारीच्या पहाटे हायवेवर माझ्या इंजिनचं तापमान ६० च्या वर जात नव्हतं. जायला हवं ८५ ते ९५. ईसीएमला वाटतं इंजिन अजून थंडच आहे, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडतो. कार्बन मोनॉक्साइड वाढतो, प्लग काळे पडतात, आणि कन्व्हर्टरचा मॉनिटर तर सुरूच होत नाही, कारण त्याला गरम इंजिन लागतं. माझ्या स्कॅनरवर आलेला कोड होता पी०१२८, म्हणजे कूलंट पुरेसं तापत नाही. कोडने नेमकं बोट ठेवलं होतं आणि आम्ही तोच पुसला.

गाडी तापण्याचं खरं कारण बहुतेक वेळा दुसरीकडे असतं. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी भरल्याने रेडिएटरमध्ये आत क्षार बसतात, बाहेरून धुळीने जाळी बुजते, किंवा पंख्याचा रिले गेलेला असतो. ते दुरुस्त करा आणि थर्मोस्टॅट परत बसवा.

पी०४२० दिसला की कन्व्हर्टर बदलणं

पी०४२० म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही असा कोड. घाई करू नका. आधी सायलेन्सरची नळी तपासा. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी जोडाला भेग असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, वाटतं आणि ईसीएम आणखी पेट्रोल देतो. गाडी थंड असताना सुरू करून कान द्या, 'फट्-फट्' ऐकू येतं. मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं, असेल तर तो आधी काढा. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्यालाच जाळतं. नवा बसवला तरी तोही जाईल.

गावातच फिरवून मॉनिटर पूर्ण होण्याची वाट बघणं

होत नाहीत. गाडी रात्रभर, निदान आठ तास उभी ठेवा. टाकी पाव ते पाऊण भरलेली असू द्या. पहाटे सुरू करून दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवा, मग मोकळ्या रस्त्याला लागा. जळगावकरांनी तरसोदहून मुक्ताईनगरकडे जावं, धुळेकरांनी शिरपूरकडे. ८० च्या एकसारख्या वेगाने पंधरा मिनिटं चालवा. मग मागे कुणी नाही हे बघून ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि क्लच-ब्रेक न दाबता गाडी गिअरमध्येच ४० पर्यंत उतरू द्या. असं दोन-तीनदा करा. कन्नड घाट यासाठी उपयोगाचा नाही, तिथे वेग एकसारखा राहत नाही. सीएनजी किट असेल तर ही फेरी पेट्रोलवरच करा. काही किटमधला इम्युलेटर नावाचा भाग ईसीएमला सेन्सरचा सिग्नल बदलून पाठवतो.

स्कॅनरच्या मोबाइल ॲपमध्ये एखाद्या मॉनिटरसमोर 'लागू नाही' दिसलं तर घाबरू नका, तो घटक त्या गाडीत नसतो किंवा ईसीएम तो तपासत नाही. 'अपूर्ण' वेगळं. बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःच बिघाड तपासायची ही पद्धत, एप्रिल २०१३ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या काही गाड्यांत स्कॅनर लावायचा १६ पिनांचा सॉकेट असूनही साधा ब्लूटूथ स्कॅनर जोडला जात नाही. तिथे कंपनीचाच स्कॅनर लागतो.

डिझेलवाल्यांनी ईजीआरला पत्रा ठोकून बंद करू नये, एवढंच इथे सांगतो.

माझ्या गाडीत थर्मोस्टॅट बसवला, कूलंट भरलं, मुक्ताईनगरची फेरी केली. सगळे मॉनिटर रेडी झाले आणि गरम इंजिनावर गाडी पहिल्याच फेरीत पास झाली.

जुनी गाडी विकत घेतानाही हे उपयोगी पडतं. किल्ली फिरवून इंजिन न लावता पिवळा दिवा लागतो का ते बघा. न लागला तर बल्ब काढलेला असू शकतो. स्कॅनरवर 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' हाही आकडा मिळतो. भाच्यासाठी चाळीसगावला एक गाडी बघायला गेलो होतो. मालक म्हणत होता, दोन वर्षांत दिवा कधी लागला नाही. आकडा होता ११ किलोमीटर. आम्ही बयाणा न देता परत आलो.